दांडा हातात राहिला त्या दिवसापासून

दांडा माझ्या हातात राहिला आणि पातेलं खाली गेलं. आत चांगली सव्वा लिटर डाळ होती, नुकतीच गॅसवरून उतरवलेली. ठण्ण आवाज, फ्रिजच्या दारापर्यंत पिवळे शिंतोडे, आणि माझ्या डाव्या पावलावर चटका. बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली. तिने आधी माझा पाय नळाखाली धरायला लावला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं हलू दिलं नाही. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, साधं वाहतं पाणी. फोड आला तो लहानसाच. पाय पुसून झाल्यावर मग ती म्हणाली, "अहो, बावीस वर्षं लोकांची वेल्डिंग तपासताय ना? घरातली कोण तपासणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दिवसभर जोड बघतो, भेगा शोधतो, माल पास करतो किंवा परत पाठवतो. आणि घरी मात्र जे भांडं चकचकीत दिसेल ते उचलून आणत होतो.

त्या रात्री फरशी पुसून झाल्यावर भिंग घेऊन बसलो. दांडा बेकलाइटचा, म्हणजे कडक काळ्या प्लास्टिकचा, तो स्क्रूने एका पत्र्याच्या पट्टीला लावलेला, आणि ती पट्टी पातेल्याला दोन ठिकाणी स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेली. मुगाच्या दाण्याएवढे दोन ठिपके, बस. त्यातल्या एका ठिपक्याची तुटलेली बाजू काळपट, तेलकट होती. म्हणजे तो तुटून कित्येक महिने झाले होते. दुसरा लख्ख पांढरा, म्हणजे तो आज तुटला. मधल्या सगळ्या काळात अख्खं पातेलं एका ठिपक्यावर लटकत होतं. दांडा डुगडुगायचा हे मला माहीत होतं, मी दर महिन्याला इमानेइतबारे त्याचा स्क्रू आवळायचो. दुखणं स्क्रूचं नव्हतंच, त्याच्या पाठीमागचं होतं. कारखान्यात कुणी असा अहवाल दिला असता तर मी त्याला उभा-आडवा झापला असता.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे लेक वेगळ्या घरात राहायला गेली आहे आणि तिने विचारलं, "बाबा, भांडी कुठली घेऊ? एक यादी करून द्या." मी यादी करायला बसलो आणि यादी काही होईना. कारण भांडं निवडणं आणि त्यात काय शिजवायचं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तर हे तिच्यासाठी, आणि ज्यांचे दांडे अजून डुगडुगताहेत त्या सगळ्यांसाठी.

पहिलं, भांडं विकत घेताना मी आता आतून बघतच नाही. आधी जोड बघतो. दांडा किंवा कान रिव्हेटने ठोकलेला असेल तर आतल्या बाजूला रिव्हेटची डोकी दिसतात. त्यांच्या कडेला खरकटं अडकतं, ते जुन्या टूथब्रशने घासून काढावं लागतं, वैताग आहे. पण घट्ट ठोकलेला रिव्हेट सहसा असा दगा देत नाही. वेल्डिंगचे कान असतील तर ठिपके मोजतो आणि पट्टी किती रुंद आहे ते बघतो. चार ठिपके आणि रुंद पट्टी असेल तर हरकत नाही. दोनच असतील तर ते भांडं कितीही देखणं असलं तरी खाली ठेवतो. मग भांडं एका हाताने दांड्याला धरून आडवं उचलतो आणि दुसऱ्या हाताने समोरचा काठ दाबतो. भरलेल्या भांड्याचं वजन दांड्यावर कसं येतं त्याची ही नक्कल. दुकानदार बघत राहतात. बघू देत.

दांडा नुसत्या स्क्रूचा असेल तर तो सैल होणारच, हे धरून चालावं. तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, धातू आणि बेकलाइट वेगवेगळे फुगतात, स्क्रू हळूहळू सुटतो. त्यात गैर काही नाही, फक्त आवळताना मागचा पत्राही हलवून बघायचा.

मग काठ. पत्रा नुसता कापून सोडलेला असेल तर घासताना बोट कापतं आणि भांडं एकदा आपटलं की काठाला पोचा येतो. काठ बाहेर वळवलेला असेल तर मजबुती येते, ओतताना धारही बाहेर ओघळत नाही. काही भांड्यांमध्ये ही वळकटी नीट बंद केलेली नसते, आत पाणी शिरतं आणि भांडं वाळत ठेवलं की तासाभराने ओट्यावर थेंब येतात. झाकणांच्या बाबतीतही हेच. झाकणाच्या मुठीचा स्क्रू आतून कशाने धरलाय ते पाहावं. बारीक वॉशर असेल तर त्याखाली महिनोन्महिने वाफेचं पाणी साचतं आणि तिथूनच गंज सुरू होतो.

आता बूड. ही माझी आवडती जागा आहे, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

भांडं पालथं घालायचं आणि त्याच्या बुडावर एक सरळ पट्टी उभी धरायची. शाळेतली स्टीलची फूटपट्टी उत्तम. मग डोळे पट्टीच्या पातळीवर आणून पलीकडे उजेड ठेवायचा. नवं कोरं बूड अगदी सपाट असावं असं आपल्याला वाटतं, पण चांगलं बूड थंड असताना मधोमध किंचित आत गेलेलं असतं. तापलं की धातू पसरतो, बूड फुगतं आणि सपाट होतं. उलट जे थंड असतानाच बाहेर फुगलेलं आहे ते तापल्यावर आणखी फुगतं, सपाट शेगडीवर भोवऱ्यासारखं गिरकी घेतं आणि तेल सगळं मधोमध साचतं. कडेचा कांदा कोरडा, मधला तळलेला. गॅसच्या जाळीवर हे तितकंसं जाणवत नाही, पण इंडक्शनवर रोज डोकं खाईल. चांगलं बूडही आपण आपल्या हाताने बिघडवू शकतो: लालबुंद तापलेलं भांडं थेट नळाखाली धरलं की चर्र आवाज येतो ना, तो बूड वाकल्याचाही असू शकतो. माझा एक तवा असाच गेला. बिडाचं भांडं असेल तर ते वाकत नाही, सरळ तडकतं.

बुडाची जाडी हा दुसरा भाग. स्टीलला आपण फार मानतो, पण उष्णता वाहून नेण्यात ते अगदी मठ्ठ आहे. तांब्याची उष्णतावाहकता चारशेच्या आसपास, ॲल्युमिनियमची दोनशे पस्तीस-चाळीस आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम पंधरा-सोळा, तिन्ही एकाच मापात. म्हणजे पातळ स्टीलच्या पातेल्याखाली ज्योत जिथे लागते तिथेच ते तापतं, शेजारच्या जागेला पत्ताही नसतो. म्हणून तर दूध बरोब्बर गोल कड्याच्या आकारात बुडाला लागतं. यावर उपाय म्हणून बुडात ॲल्युमिनियमची जाड चकती दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये दाबून बसवतात, त्याला सँडविच बूड म्हणतात. आणि तोच थर बुडापासून काठापर्यंत चढवला असेल तर ते ट्राय-प्लाय. पातेल्याला सँडविच बूड पुरतं, कारण आतलं पाणी स्वतःच फिरून उष्णता पसरवतं. कढईला आणि परतायच्या भांड्याला मात्र बाजूही तापायला हव्यात, तिथे ट्राय-प्लायला पैसे मोजावेत.

हे ऐकून खरं वाटत नसेल तर घरी करून बघा. कोरड्या भांड्यात पिठाचा पातळ, सारखा थर पसरायचा आणि मंद आचेवर ठेवायचं, हलवायचं नाही. मी घरातल्या पाच भांड्यांवर हे केलं. सगळ्यात पातळ पातेल्यात चौथ्या मिनिटाला बर्नरचा हुबेहूब नकाशा उमटला: तपकिरी कडं, मध्ये पांढरं, बाहेर पांढरं. कड्यावर बर्नरच्या भोकांचे ठिपकेसुद्धा मोजता येत होते. जाड बुडाच्या कढईत सगळं पीठ मागेपुढे एकाच बदामी रंगावर आलं. बायको म्हणाली, "पीठ वाया घालवलंत." नव्हतं घालवलं. भाजलेलं पीठ दुसऱ्या दिवशी भाजीच्या सुपाला दाटपणा यायला वापरलं, आणि त्याला जो खमंगपणा आला तो बघून आता मी मुद्दाम वाटीभर पीठ भाजून बरणीत ठेवतो. सूप पातळ झालं, रस्सा पाणचट झाला, की थंड पाण्यात कालवून दोन चमचे घालायचं. थेट गरम रश्श्यात टाकलं तर गुठळ्या होतात.

लोहचुंबकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात माझी फजिती आहे. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे ऐकलेलं असतं. मी खिशात चुंबक घेऊन दुकानात गेलो, एका जड, सुंदर कढईच्या बुडाला लावला, तो टक्कन चिकटला, आणि मी शहाण्यासारखं तोंड करून ती परत ठेवली. दुकानातल्या मुलाने शांतपणे विचारलं, "काका, बाजूला लावून बघितलंत का?" बाजूला नाही चिकटला. बुडाचा बाहेरचा पत्रा मुद्दाम चुंबकीय स्टीलचा असतो, कारण इंडक्शन त्यावरच चालतं. हे मला कळायला हवं होतं.

शिवाय चुंबक न चिकटणं हाही पुरावा अर्धाच आहे. स्टीलची १८/८ ही जात म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, हेच ३०४ नावाने ओळखलं जातं. निकेलमुळे ते चुंबकाला दाद देत नाही. पण निकेल महाग, म्हणून २०१, २०२ या जातींत ते कमी करून मँगनीज घालतात, आणि त्यांनाही चुंबक चिकटत नाही. ती गंजाला ३०४ पेक्षा लवकर बळी पडतात. ४३० मध्ये निकेल नसतंच, ते चुंबकाला चिकटतं, तरीही झाकणं, चमचे, डबे यांना ते अगदी चालतं. तेव्हा चुंबकापेक्षा बुडावर उमटवलेला आकडा वाचा, आणि आकडाच नसेल तर त्या गप्प बसण्याचाही अर्थ घ्या.

स्टीलला टिकवतं ते क्रोमियम. त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी पातळ कातडी तयार होते, ओरखडा पडला की ती आपोआप पुन्हा येते. हिचा एक शत्रू आहे, मीठ. लेक बटाटे उकडायला ठेवायची तेव्हा थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून फोनकडे वळायची. मीठ तळाशी बसायचं, आणि दोन वर्षांत त्या पातेल्याच्या तळाला सुईने टोचल्यासारखे बारीक पांढुरके खड्डे पडले. ते घासून जात नाहीत, कारण तो डाग नसतो, धातूच खाल्ला गेलेला असतो. पाणी उकळायला लागलं की मग मीठ घालायचं आणि लगेच ढवळायचं. एवढंच. स्टीलवर इंद्रधनुष्यासारखे निळे-जांभळे रंग दिसले तर मात्र घाबरू नये, भांडं जास्त तापल्याची ती खूण आहे. व्हिनेगर फिरवलं की जातात. पाण्याचे पांढरे चट्टेही त्यानेच जातात.

बटाट्यांचं निघालंच आहे तर: बटाटे थंड पाण्यातच टाकायचे, उकळत्या नव्हे. उकळत्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. मोठ्या फोडी करून, उकळी आल्यावर मीठ घालून, सुरी सहज जाईल इतके शिजवायचे. पाणी ओतून टाकायचं, झाकण घट्ट धरून पातेलं चारपाच वेळा खडखडून हलवायचं. फोडींच्या कडा खरबरीत, पिठूळ होतात. दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची आणि मग जाड तव्यावर चांगल्या तेलात एकेक बाजू खाली ठेवून सोडून द्यायचं. त्या खरबरीत कडाच कुरकुरीत होतात. वरून मिरपूड, लिंबू. आमच्याकडे यावर भांडणं होतात. खडखडून हलवण्याच्या या कामाला कान मजबूत लागतात, हे वेगळं सांगायला नको.

नॉनस्टिकबद्दल माझं मत थोडक्यात. ते भांडं नव्हे, स्कूटरच्या ब्रेकसारखी झिजणारी वस्तू आहे. काही वर्षं वापरायची आणि बदलायची, हे मान्य असेल तर घ्या. त्यावरचा थर १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला दुसऱ्याच प्रयोगात अपघाताने सापडला. तो २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो. जेवण शिजताना इतकं तापमान होत नाही, पण रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरलं तर काही मिनिटांत होतं. त्या धुराने घरातले पाळीव पक्षी मरू शकतात. लाकडी उलथनं, मंद ते मध्यम आच, आणि एकात एक ठेवताना मध्ये फडकं. मी तीन टाकून दिल्यावर चौथं घेतलं नाही.

कारण मला मावशीचा बिडाचा तवा मिळाला. मिळाला म्हणजे माळ्यावर सापडला, पूर्ण तांबूस, बोट फिरवलं की गंजाची पूड येत होती. बायको म्हणाली भंगारात द्या. मी अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर करून त्यात बुडवला, दर वीस मिनिटांनी काढून तारेच्या घासणीने घासला. रात्रभर ठेवायचा मोह होतो, पण गंज संपला की व्हिनेगर लोखंडाकडे वळतं. तासाभरात खालून करडा, उघडा धातू दिसला. तो इतका उघडा असतो की धुऊन नुसता ठेवला तरी पाचदहा मिनिटांत पुन्हा नारिंगी झाक येते, म्हणून लगेच गॅसवर कोरडा केला.

पुढे माझं चुकलं. जितकं जास्त तेल तितकं चांगलं असं समजून मी तो तेलाने माखला आणि ओव्हनमध्ये ठेवला. बाहेर आला तो चिकट, ठिकठिकाणी डिंकाचे थेंब सुकल्यासारखा. पुन्हा सगळं घासा. दुसऱ्या वेळी तेलाचे चारच थेंब घेतले, सगळीकडे चोळले, आणि मग कोरड्या फडक्याने असा पुसला की जणू तेल चुकून लागलं होतं. पालथा घालून २३० अंशांवर एक तास, आणि ओव्हनमध्येच गार. असं पाच वेळा. दर वेळी रंग एक पायरी गडद: करडा, मधासारखा, तपकिरी, आणि शेवटी काळा. तेल जळत नाही, त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कडक कवच तयार होतं. जवसाच्या तेलातला रंग भिंतीवर वाळतो त्याच जातीची ही गोष्ट. साबण लावू नये असं म्हणतात, पण भांडी घासायच्या साध्या साबणाने काही होत नाही. भिजत ठेवायचा नाही आणि धुतला की आचेवर कोरडा करायचा, हे दोन नियम पुरेत. टोमॅटो त्यात तासभर रटरटत ठेवू नका, कवचही जातं आणि चवही लोखंडी येते.

त्या तव्यावर रोजचं काय होतं, तर कोबी. कोबीच्या उभ्या आठ फाका करायच्या, मधला दांडा ठेवून, म्हणजे पानं सुटत नाहीत. तवा चांगला तापवून तेल, आणि फाका कापलेल्या बाजूवर ठेवायच्या. मग सहा-सात मिनिटं हात लावायचा नाही. ही सगळ्यात अवघड पायरी आहे. उलथन्याने चाळवायची खाज सुटते, पण खमंग तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या पुढे येतो आणि चाळवलं की पृष्ठभाग थंड होतो. उलटवायच्या, मीठ, ठेचलेला लसूण, तीन-चार चमचे पाणी टाकून झाकण. तीन मिनिटांत दांडासुद्धा मऊ. वरून लिंबू. ज्या माणसाने जन्मभर कोबीला नाक मुरडलं तो, म्हणजे मी, दोन फाका एकट्याने खातो.

स्टीलच्या तव्यावर अंडं चिकटतं ही तक्रार सगळ्यांची असते. तवा रिकामा तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. थेंब चर्र करून उडाला तर अजून थांबा. तो पाऱ्याच्या गोळीसारखा गोल होऊन तव्यावर घरंगळायला लागला की तवा तयार. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव त्याला पडलं. मग पाणी पुसून तेल घाला, आच कमी करा, अर्धं मिनिट थांबा, मग अंडं. पहिल्यांदा ते धरतं. ओढू नका. पांढरा भाग घट्ट झाला की स्वतःहून सुटतं. आच कमी करायचं विसरलात तर मात्र कडा रबरासारख्या होतात, त्याला लायडेनफ्रॉस्ट जबाबदार नाही.

रविवारी मी कांदे परततो. दहा-बारा कांदे, उभे पातळ चिरून, जाड बुडाच्या रुंद पातेल्यात थोडं तेल आणि मीठ घालून. पहिली दहा मिनिटं झाकण, मग उघडं, मंद आच. पाच मिनिटांत कांदा सोनेरी होतो असं जे सांगतात त्यांनी तो कधी स्वतः केलेला नसतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. तळाला तपकिरी थर धरायला लागला की चमचाभर पाणी टाकून लाकडी उलथन्याने सोडवायचा, तो थर म्हणजे करपणं नव्हे, सगळी चव तिथे असते. असं सात-आठ वेळा. पातेलंभर कांद्याचा शेवटी वाडगाभर गडद, गोड लगदा उरतो. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचा. मधल्या दिवसांत एक वडी डाळीत, एक सुपात, एक अंड्यात. थकून घरी आल्यावर नुसत्या गरम भातात एक वडी आणि मिरपूड, वर तळलेलं अंडं. बायको याला आळशाचं जेवण म्हणते आणि दुसऱ्यांदा वाढून घेते.

उरलेल्या भाताचंही तसंच. दुपारचा भात पातेल्यात तसाच गच्च ठेवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर सोडू नका. भातात टिकून राहणारे जंतू कोमटपणात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. ताटात पसरून गार करायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये. सकाळी दाणा दाणा मोकळा असतो. बिडाच्या तव्यावर थोडा थोडा परता, एकदम सगळा टाकला तर तवा थंड होऊन भात वाफाळतो. मी त्यात फ्लॉवरचा दांडा, पालेभाजीचे देठ, जे जे चिरताना बाजूला पडतं ते बारीक चिरून आधी परतून घेतो.

राजमा प्रेशर कुकरमध्येच. आत साधारण १२१ अंश होतात, वेळ निम्म्याहून कमी लागतो. कुकर नसेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळू द्या, मग मंद करून पूर्ण शिजवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक प्रथिन असतं, ते खळखळ उकळल्यानेच मरतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकलेला राजमा मऊ होतो पण बाधू शकतो. कुकर घेताना आधी त्याचं रबर आणि झडप सुटी मिळते का ते विचारावं. भांडं वीस वर्षं टिकेल, रबर नाही टिकणार.

सुऱ्यांचे संच घेऊ नयेत. एक मोठी चांगली सुरी, एक लहान, आणि लाकडी फळी. काचेची फळी दिसते छान, पण पहिल्याच आठवड्यात धार खाते आणि वर तो किर्र आवाज. जुनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं असेल तर पाणी तापवायला ठेवा, चिंच-टोमॅटोला नको. तळ करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, करपलेलं पापुद्र्यासारखं निघतं. जर्मनच्या भांड्यात हा प्रयोग करू नका, काळं पडतं.

तर लेकीला मी शेवटी चार नावं दिली: सँडविच बुडाचं मोठं पातेलं, ट्राय-प्लायची कढई, प्रेशर कुकर, आणि बिडाचा तवा. तवा माझा नाही, तिने तिचा घ्यावा. तिने वाचून "एवढंच?" असा निरोप पाठवला आणि मग दोन दिवस काही नाही.

काल संध्याकाळी फोटो आला. दुकानाच्या काउंटरवर पालथं घातलेलं पातेलं, त्यावर उभी धरलेली फूटपट्टी, आणि मागे मोबाइलचा दिवा. खाली लिहिलं होतं, "बाबा, उजेडाची बारीक रेघ दिसतेय. चालेल?"

मी विचारलं, "मध्ये की कडेला?"

"मध्ये."

"मग घे. आणि कानाचे ठिपके मोज."